तोंडभर हवा

खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. तिवरांखालच्या चिखलात निवटा राहायचा. निवटा म्हणजे डोळे डोक्यावर असलेला, चिखलात उड्या मारणारा चिमुकला मासा. त्याच्या बिळाच्या छताला अंडी चिकटली होती. ती गुदमरू नयेत म्हणून तो वर यायचा, तोंडभर हवा घ्यायचा आणि टुणकन आत शिरून अंड्यांपाशी सोडायचा. दिवसभर हेच.

शेजारच्या चिंबोरीने, म्हणजे खेकड्याच्या मादीने, दिवस भरले तरी आपली अंडी पोटाखाली घट्ट आवळून धरली होती. ती हसायची. "निवटेभाऊ, लोक घरी घास नेतात, तुम्ही हवा नेता."

सहाव्या दिवशी भरती चढू लागली आणि निवट्याने उलटंच आरंभलं. बिळातली हवा तोंडात भरभरून तो बाहेर टाकू लागला. पाणी भसाभस आत शिरलं.

चिंबोरी धावत आली. "अहो, पोरांना बुडवताय की काय?"

"आज हवा ठेवली, तर ती अंड्यातच राहतील, ताई," निवटा धापा टाकत म्हणाला.

तेवढ्यात पाणी लागून अंडी पटापट फुटली. शेकडो इवलेसे डोळे बिळातून उसळले आणि चिंबोरीच्या नांग्यांमधून सुळसुळत खाडीत पळाले.

चिंबोरी बघतच राहिली. मग ती भरतीच्या पाण्यात उतरली आणि तिने पोटाखालची पकड हळूच सोडली.