भिंतीपलीकडची वाटी

“पण रस्ता पुढं बंद असला तर बिघडलं कुठं, अक्का?” परीक्षितनं विचारलं. “परका माणूस फिरकत नाही, हॉर्न नाही. पोरं बिनघोर खेळतात.”

सोनाक्का मठाच्या चुलीवर आमटीला फोडणी देत होत्या.

परीक्षित त्यांचा जुना शिष्य. आता शहराचे नकाशे आखणारा मोठा साहेब. शहर वाढत वाढत मठाच्या पाठीला येऊन टेकलं, तिथली पहिली वसाहत त्यानंच आखलेली. भोवती भिंत, एकच गेट. आता दुसरी, मठाच्या पुढ्यात. तिचा नकाशा आज दुपारी तीनला कचेरीत द्यायचा होता. पण अक्कांचं कुंकवाचं बोट लागल्याशिवाय त्याचा एकही नकाशा आजवर पुढं गेलेला नव्हता.

“लावा ना, अक्का.”

“लावते. आधी ही वाटी मागं हौसाला देऊन ये. गरम आहे तोवर.”

भिंतीपलीकडं हौसाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली. इतकं जवळ!

वाटीवर ताटली झाकून साहेब निघाले. मोठा रस्ता आला. मधल्या दुभाजकाला फट म्हणून नाही. पार पुलापर्यंत जा, तेवढंच परत या. मग गेट. नाव लिहा, सही करा, वॉचमन फोन करून विचारणार.

हौसाबाईंच्या ओट्यावर अक्कांची मांजर पाय ताणून पडली होती.

“ही मघाचीच आलीय,” हौसाबाई हसल्या. “हिला गेटवर सही लागत नाही बाई. आमटी गार केलीत की हो, साहेब!”

रिकामी वाटी कशी परत धाडायची? त्यांनी तीत शिरा घातला. “पळा, तूप थिजेल.”

थिजलंच. परीक्षित परतला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला.

अक्कांनी शिरा चाखला. “मधून बोळ होता तेव्हा जीभ भाजायची.”

परीक्षितनं नकाशा पसरला. अक्कांनी कुंकवात बोट बुडवलं.

“इथं, अक्का. कोपऱ्यात, नेहमीसारखं.”

मठापुढच्या पेठेतला बोळ नव्या वसाहतीच्या भिंतीला जिथं अडत होता, नेमकं तिथं अक्कांनी बोट टेकवलं.

“अहो अक्का, तिथं भिंत आहे!”

“असेल.”

परीक्षितनं घड्याळ पाहिलं. अडीच. मग त्या लाल ठिपक्याकडं पाहिलं… आणि त्याला हसूच फुटलं. खिशातून त्यानं खोडरबर काढला.

अक्का पदराला बोट पुसत म्हणाल्या, “बोट बारीक आहे माझं. तू जरा रुंद काढ.”