नाकारलेलं घरटं

विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती, तेव्हाची ही गोष्ट. दूरच्या डोंगरात दरड कोसळून सगळं रान गाडलं गेलं. तिथली एक मुनिया, वाचलेलं एकुलतं एक पिल्लू घेऊन, सकाळच्या पावसात बाभळीवर येऊन टेकली. पिल्लू थंडीनं थरथरत होतं.

वस्तीतल्या तरण्या पिवळ्याचा जीव कळवळला. "तात्या, माझं एक घरटं मादीनं नाकारलंय. रिकामंच लोंबतंय. देऊ यांना?"

म्हातारा तात्या उखडला. "नाकारलेलं घर पाहुणीला? वस्तीची अब्रू घालवतोस काय! नवं विणू. पंचक्रोशी बघत राहील असं!"

"पण तात्या, त्यांना आत्ता..."

"गप रे! गवत आण."

पिवळ्या गवत आणू लागला. सगळी वस्ती दिवसभर राबली. पाती रुंद हवीत की बारीक, यावर त्यांच्यातली दोघं भांडलीसुद्धा.

दिवस मावळताना देखणं, उबदार घरटं तयार झालं. पिवळ्या भुर्रकन मुनियेकडे गेला. "मावशी, चला ना आत!"

मुनियेनं हळूच पंख उचलला. खाली पिल्लू गार पडलं होतं.

"घर फार सुंदर आहे रे लेकरा," ती म्हणाली. "पण मला एकटीला फांदी पुरते."