सुपातली मुंगी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्यातल्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही आठवत नसे.

या राजाला हत्तीखाना बांधायचा होता आणि त्यासाठी एका गावची राई तोडायची होती. गावाचा एकुलता एक झरा त्या राईतच होता. कुऱ्हाडी आल्या, सोबत राजाही आला, तेव्हा गावातली एक म्हातारी आडवी आली. धान्य पाखडण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

"महाराज, या पाचोळ्यात मोहरीएवढी मुंगी राहते. जबडा सताड उघडा ठेवून शिकार करते. लहानपणी एकदाच पाहिली मी, पण दुसरीकडे कुठं दिसली नाही. राई गेली की तीही गेली."

राजाला नवलाची भारी हौस. तो म्हणाला, "आजी, सूर्य डोक्यावर यायच्या आत दाखव. दाखवलीस तर राई तुमची."

झालं, शिपायांनी पाचोळा तुडवला, प्रधानाने काठीने उकरला. मुंगी कसली, तिचा पायही दिसेना. म्हातारीने सूप घेतलं. ओंजळभर पाचोळा पाखडायचा, सुपात खडे उरले की बोटाने टिपून फेकायचे. असं किती वेळा केलं, गणती नाही. ऊन चढत चाललं. प्रधान मिशीत हसत होता.

शेवटी तिचे हात भरून आले. सूप मांडीवर घेऊन ती नुसती बसली. सुपात चार खडे होते, तेही फेकायचं त्राण उरलं नव्हतं.

आणि त्यातल्या एका खड्याला पाय फुटले.

"अगं बाई," म्हातारी पुटपुटली, "धक्का लागला की ही मेल्याचं सोंग घेते. सकाळपासून खडा समजून मी हिलाच फेकतेय. महाराज, या लवकर. पण श्वास जपून."

तिने सूप अलगद जमिनीवर ठेवलं आणि राजा चक्क पालथा पडला. मुंगी दबकत निघाली. समोर तिळाहून बारीक किडा होता. मुंगी थबकली, राजाही थबकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत जबडा मिटला आणि किडा तिच्या तोंडात.

"धरला! प्रधानजी, धरला!" राजा ओरडला. त्या आवाजाने मुंगीचा पुन्हा खडा झाला.

प्रधान काही बोलणार, तोच राजाने ओठांवर बोट ठेवलं. मुंगी परत कधी हलते, हे त्याला बघायचं होतं. जेवणाची वेळ टळली तरी तो उठला नाही.

हत्तीखाना पुढे उघड्या माळावर झाला. राईकडे कुऱ्हाड पुन्हा फिरकली नाही.

तात्पर्य: सरावलेला हात क्षणभर थांबला, तरच डोळ्यांना नवं दिसतं.