तळ्याच्या दारावरचा नाईक

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाला पाणी एकाच तळ्याचं. राजाने ते तळं एका मक्तेदाराच्या हवाली केलं. मक्तेदाराने तळ्याला भिंत घातली, भिंतीला दार केलं आणि दारावर सहा शिपाई बसवले. त्यांचा नाईक गावातलाच होता, हैबती नावाचा. माणूस वाईट नव्हता.

पहिल्या वर्षी पाणपट्टी थोडी होती, लोकांनी मुकाट भरली. पुढच्या उन्हाळ्यात ती इतकी वाढली की कुंभारांची चाकं थांबली आणि बाळंतिणीच्या न्हाणीलाही पाणी पुरेना. तेव्हा बायामाणसं रिकामे हंडे घेऊन तळ्याच्या दारापुढच्या पायऱ्यांवर येऊन बसली. दगड नाही, शिव्या नाहीत, नुसती बसली. सगळ्यांत पुढे साळू सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. हैबतीची दोन्ही लेकरंसुद्धा.

"हैबती, तुझ्या घरी पुरतं का रे पाणी?" तिने विचारलं.

"नाही पुरत, आत्या."

"मग तिकडं उभा राहून काय करतोस? इकडं ये."

हैबती दारावरच उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मक्तेदाराचा हुकूम आला. दुपारपर्यंत पायऱ्या मोकळ्या कर, नाहीतर नाइकीचं पागोटं काढून ठेव.

त्याच्या हाताखालचा म्हातारा शिपाई म्हणाला, "नाईक, आपण सहाही जण नाही म्हणू. आज तरी त्याला दुसरं कोणी मिळायचं नाही."

"उद्या मिळेल ना!" हैबती म्हणाला. "परगावचे येतील, डोकी फोडतील. आपण निदान जपून हटवू."

त्याला ते मनापासून खरं वाटत होतं.

दुपारी शिपायांनी काठ्या आडव्या धरल्या आणि लोकांना खाली रेटायला सुरुवात केली. अगदी हळू. पण मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. कुणाचा तरी पाय घसरला, माणसं माणसांवर कोसळली, हंडे गडगडत गेले. गर्दी पांगली तेव्हा साळू खालच्या पायरीवर पडली होती. तिला कुणी काठी मारली नव्हती. तरी ती उठली नाही.

राजाला निरोप गेला, 'जमाव शांतपणे घरी गेला.' हैबतीला चांदीचं कडं मिळालं.

महिन्याभरात पट्टी पुन्हा वाढली. कारण सांगितलं, दारावर आता जास्त शिपाई लागतात.

त्या आठवड्यात हैबतीची धाकटी लेक तापाने फणफणली. कपाळावर पट्टी ठेवायलाही घरात पाणी नव्हतं. हैबतीने पागोटं उतरवलं आणि तो घरोघर फिरला. "उद्या पायऱ्यांवर बसू. या वेळी मी पुढे बसतो."

कुंभाराने दार अर्धंच उघडलं. "तुझ्यावर राग नाही रे," तो म्हणाला. "पण आता आमच्यात बसायचं बळच उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी हैबती एकटाच जाऊन बसला. त्याला उठवायला मक्तेदाराने माणूससुद्धा पाठवला नाही. गावची माणसं हंडे घेऊन यायची, त्याला वळसा घालून वर जायची, पट्टी भरायची आणि खाली बघत परत फिरायची.

तात्पर्य: जुलूम हलक्या हाताने केला तरी तो जुलूमच असतो. आणि 'नाही' ज्या दिवशी म्हणायचं, त्याच दिवशी म्हणावं. नंतर ते ऐकायला कुणी उरत नाही.