शिंपिणीच्या लेकीचं घरटं

पक्ष्यांनी नुकतीच पहिली शाळा काढली होती, त्या काळातली ही गोष्ट. पानं शिवून घरटं करणाऱ्या एका शिंपिणीनं आपल्या लेकीला, रेशीला, पोपटगुरुजींच्या शाळेत घातलं. "आम्ही जन्मभर टाके घातले, तिच्या नशिबी तरी ते नकोत," असं ती सगळ्यांना सांगायची. मनात धाकधूक होतीच. पण शेजारच्या मैनेची पोरही तिथेच जात होती, मग करणार काय?

रेशी पाठांतरात पहिली आली. पानाचे सगळे भाग ती डोळे मिटून घडाघडा म्हणायची. पुढे तिचं लग्न झालं, अंडी घालायची वेळ आली, आणि घरट्याचा पत्ता नाही! तिनं पहिलं पान शिवायला घेतलं, ते टरकन फाटलं.

"दे इकडे, मी शिवते," आई धावली.

"आणि पुढच्या वेळी गं? मला शिकव ना."

शिंपिणीनं पुढे केलेली चोच मागे घेतली. इतकं अवघड काम तिनं आजवर केलं नव्हतं. "अगदी कडेला नको भोक पाडूस. जरा आत. हां, आता कापसाचा धागा ओव." बरीच पानं फाटली. शेवटी एक टिकलं; वाकडंतिकडं, पण अंडी पेलणारं.

ते बघायला गुरुजी आले. "पाहिलंत? आमची विद्यार्थिनी!"

"तुमचीच कृपा," शिंपीण सवयीनं म्हणाली. "गुरुजी, तुमची ढोली कुणी कोरली हो?"

"तांबट पक्ष्यानं." गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या धाकट्याला त्याच्याच हाताखाली ठेवावं म्हणतोय. शाळेत मात्र बोलू नका."