सिंहासनावरचा कोष

एका राज्यात, कुठल्या ते विचारू नका, सात डोंगर ओलांडले की लागतं एवढं पुरे, भद्रसेन नावाचा राजा होता. फुलपाखरांचा भारी शौकीन! दर आश्विनात दूरच्या मैदानातून लाखो फुलपाखरं त्याच्या बागेत उतरत, रुईवर अंडी घालत आणि पुढच्या मुक्कामाला निघून जात. मग रुईवर अळ्या वळवळू लागत आणि राजाचं डोकं फिरे.

"शी! माझ्या बागेत किडे? राज्यातली सगळी रुई उपटा, अळ्या ठेचा!"

घ्या! फुलपाखरं हवीत, त्यांची पोरं नकोत. या शहाणपणाला काय म्हणावं?

पुढच्या वर्षी थवा आला, तर रुईचं पान दिसेना. थव्याची म्हातारी राणी राजाच्या छत्रावर बसली आणि म्हणाली, "आमची लेकरं ज्यानं मारली, त्याच्या लेकीला हळद लागणार नाही." थवा निघून गेला.

राजकन्या हेमकळेचं लग्न तर तोंडावर आलेलं. सुवासिनींनी हळद दळली, ती पांढरीफटक निघाली. सात वेळा दळली, सातही वेळा पांढरी. हळदीवाचून कुठं लग्न लागतं? हेमकळा ढसाढसा रडली.

"आबासाहेब, माझं लग्न तुमच्या बागेपायी अडलं!"

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खिडकीत भारद्वाज येऊन बसला. हा पक्षी माणसासारखं बोले, त्याचं तिथं कुणाला नवल नव्हतं.

"पक्षिराज, उपाय सांगा."

"तीन कामं, राजा. तुझी तू करायची. शेवटची रुई शोध. तिच्यावरचं अंडं सांभाळ. अळी मागेल ते दे."

राजा अनवाणी निघाला, तीन दिवस वणवण हिंडला. शेवटी डोंगरावरच्या मारुतीमागं गुडघाभर उंचीची एक रुई सापडली. मारुतीला वाहायची रुई उपटायला शिपाईसुद्धा धजावले नव्हते! पानाखाली मोहरीहून बारीक अंडं होतं. राजानं ते रोप मातीसकट डोक्यावरून आणलं, सिंहासनाशेजारी ठेवलं आणि मुंग्या हाकलत स्वतः राखण केली.

अंडं फुटलं. अळी पानं खाऊन गुबगुबीत झाली आणि म्हणाली, "राजा, सिंहासन दे. मी उठेपर्यंत कुणी बसायचं नाही."

"दिलं," राजा म्हणाला.

अळीनं सिंहासनाच्या हाताखाली कोष केला. अकरा दिवस दरबार घोंगडीवर भरला. प्रधानजींचे गुडघे कुरकुरले, पण राजा म्हणे, "हळू बोला, ती झोपलीय."

बाराव्या सकाळी कोष उकलला. तांबूस फुलपाखरानं ओले पंख वाळवले आणि ते थेट हळदीच्या वाटीवर जाऊन बसलं. पाय टेकले तिथून पिवळा रंग पसरत गेला.

"आबासाहेब, पिवळी झाली!" हेमकळा किंचाळली आणि पहिली मूठ तिनं बापाच्याच गालांना फासली. राजा हसतही होता, रडतही होता. त्याच दिवशी वाजतगाजत लग्न लागलं.

मग राजानं वाटोवाट रुई लावली. पुढच्या आश्विनात थवा परतला, बाग पुन्हा गजबजली. एके दिवशी राजाच्या शेल्यावर अळी चढलेली पाहून शिपाई झटकायला धावला.

राजानं त्याचा हात धरला. "अरे हळू! लेकरू आहे."

त्यांच्या घरी हळद लागली, तुमच्या दारी रुई रुजो.