दोन देशांचा भाव आणि परसातली शेवंती

एकदा एक सुपारीचा व्यापारी होता आणि त्याच्या डोक्यावर सदैव पागोटे असे. पागोटे त्या काळी सगळेच बांधत, त्यात नवल नव्हते; नवल एवढेच, की हा मनुष्य ते कधी उतरवीतच नसे. दुकानात पागोटे, पानावर बसला तरी पागोटे, आणि निजताना त्याच्या जागी लोकरीची कानटोपी. "मला सर्दीची बाधा आहे," असे त्याने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बायकोला सांगून टाकले. तेव्हा वैशाख चालू होता आणि अंगणातला कुत्रा जीभ बाहेर टाकून सावलीत पडला होता.

बायको "बरं" म्हणाली. ती फार बोलणारी नव्हती. बोलण्यात जाणारा वेळ ती बघण्यात घालवी.

आणि म्हणूनच तिला ते लवकर कळले. एका दुपारी व्यापारी झोपाळ्यावर पेंगला, झोपाळा मंद हलत राहिला, आणि पागोटे हळूच घरंगळून त्याच्या मांडीवर आले. तिने पाहिले. कपाळापासून टाळूच्या पलीकडपर्यंत डोके नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखे लखलखीत होते. मागे मात्र दाट काळे केस होते, आणि मानेवर उजवीकडे वळलेली एक बट. ती बट तिच्या ओळखीची होती. लग्नानंतर सासरी येताना गाडी त्याने स्वतः हाकली होती, ती मागे बसली होती, आणि सबंध वाटभर लाजेने दुसरीकडे कुठे बघता येईना म्हणून तिने त्या बटेकडेच बघितले होते. पागोट्याखालून डोकावणारी, वाऱ्याने हलणारी, नवऱ्याची पहिली ओळख.

तिने निजलेले मूल उचलावे तसे पागोटे दोन्ही हातांनी उचलले आणि होते तिथे ठेवून दिले. व्यापाऱ्याला जाग आली नाही. तिनेही कुणाला काही सांगितले नाही. नवऱ्याचे गुपित नवऱ्यापासूनच लपवून ठेवणारी बायको त्या पंचक्रोशीत ती एकटीच असावी.

व्यापाऱ्याची एक सवय होती. कोणतीही वस्तू दिसली की ती दोन ठिकाणी काय भावाने मिळते, हे त्याला मनाशी मांडून पाहावेसे वाटे. सुपारीचे तर झालेच, पण देवळातल्या नारळाचेही तो असेच करी. बंदरावरच्या दलालांनी जेव्हा त्याला सांगितले, की समुद्रापलीकडच्या दोन देशांत केशरोपण करणारे वैद्य आहेत, तेव्हा त्याची झोप उडाली. केसांसाठी थोडी उडाली आणि भावांसाठी अधिक.

पहिल्या देशात, दलाल म्हणत, टेकडीवर शुभ्र घरे आहेत. वैद्य एकेक केस मुळासकट लावतात आणि भाव नगावर घेतात; जितकी मुळे तितक्या मोहरा. दुसऱ्या देशात सगळे उक्ते. डोके केवढेही असो, रक्कम एकच, ती पहिल्या देशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. वर गलबताचे भाडे त्यांचे, उतरायला खोली त्यांची आणि परतताना तिथल्या मिठाईची एक पेटी. त्या देशाच्या रस्त्यांवर म्हणे संध्याकाळी डोक्याला पट्ट्या बांधलेले पुरुष थव्याथव्यांनी हिंडतात, एकमेकांना ओळखत नाहीत तरी मान लववून नमस्कार करतात, आणि कुणी कुणाला हसत नाही.

हे शेवटचे ऐकल्यापासून व्यापाऱ्याच्या डोळ्यांत एक धुके उतरले. तराजूत सुपारी घालता घालता तो थांबे आणि दूर कुठेतरी पाही. बायको ते बघत असे.

आश्विनात तिच्या माहेराहून निरोप आला. "जावईबापूंना पहिल्या दिवाळसणाला घेऊन ये. पाडव्याचे तेल-उटणे इथेच करू." निरोप गोडच होता. पण पाडव्याला बायकोने नवऱ्याच्या डोक्याला तेल चोळायचे असते आणि ते पागोट्यावरून चोळता येत नाही. पहिलाच सण, म्हणजे आळीतल्या बायका बघायला जमणार हेही ठरलेले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी म्हणाला, "अगं, मला समुद्रापार जावं लागतंय. दिवाळीपर्यंत काही येणं होत नाही."

"सुपारीच्या कामाला?"

"हो. म्हणजे... सुपारीसारखंच काम आहे."

तिने मान हलवली. पण पहिला दिवाळसण सोडून जावई गलबतावर चढला, तर माहेरच्या गावात काय बोलतील ते तिला ठाऊक होते. मुलगी मनास आली नाही, असे बोलतील. आणि तिची आई ते ऐकून घेऊन लोकांना फराळ वाढत राहील.

दोन्ही देशांची गलबते तिच्या माहेरच्याच खाडीतून सुटत. तेव्हा तिला माहेरी सोडून पुढे जायचे, असे ठरले. गाडीत ती पुन्हा मागे बसली. बट तशीच हलत होती. खाडीवर धुके होते आणि त्यात दोन्ही शिडे, कुणी आकाशात वाळत घातलेल्या धोतरांसारखी, तरंगत उभी होती. भरती दुपारची होती आणि व्यापाऱ्याचा निर्णय अजून होत नव्हता. नगावर घ्यावे तर महाग. उक्ते घ्यावे तर स्वस्तात काहीतरी खोट असणार.

"गुरुजींना विचारा ना," ती म्हणाली. "आमच्या गावात बैल कुठला घ्यावा हेसुद्धा लोक त्यांनाच विचारतात."

हे गुरुजी म्हणजे अतिशय वृद्ध गृहस्थ. तिला अक्षरे त्यांनीच शिकवली होती. पुढच्या ओट्यावर ते डोळे मिटून बसलेले असत, त्यामुळे झोपलेत की विचार करताहेत हे कुणाला सांगता येत नसे.

व्यापाऱ्याने नमस्कार केला आणि खाकरून सांगितले, "माझा एक मित्र आहे. त्याचे केस जरा विरळ झालेत."

"अरेरे," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. "मित्राला सर्दी फार होत असेल."

व्यापारी चपापला, पण त्याने दोन्ही देशांचे भाव नीट समजावून सांगितले. नगावर, उक्ते, भाडे, खोली, मिठाई. काही सोडले नाही. "तर कुठला देश बरा, ते सांगा."

"सांगतो. आधी माझं एक काम करा, जावईबापू. हा पुढचा तुकडा बघा, गवताची काडी नाही. दिवाळी तोंडावर आली, येणारे-जाणारे नावं ठेवतात. परसात शेवंती आहे. ती मुळासकट काढा आणि इथे लावा."

बायको दचकली. त्या शेवंतीला तिने लहानपणी पाणी घातले होते. एक कळी जास्त खुडली तर हेच गुरुजी रागे भरत. "गुरुजी, अहो, फुलावर आलीय ती!"

"म्हणून तर," गुरुजी म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

व्यापाऱ्याने धोतराचा काचा मारला. काम मिळाले म्हणून त्याला बरेच वाटले. त्याचा हात हलका होता. मुळांभोवतीची माती न सांडता तो एकेक रोप आणी आणि पुढे लावी. गुरुजींनी मध्येच विचारले, "हे काम नगावर, की उक्ते?" तो हसला, "तुमच्याकडून काय घ्यायचं!" ती कळशीने पाणी घालत त्याच्यामागून हिंडत होती. उन्हात धुके विरत चालले होते आणि सगळे अंगण कुणाच्या तरी अर्धवट आठवणाऱ्या स्वप्नासारखे पिवळे दिसत होते.

रोपे संपली. पुढचा तुकडा मोठा होता. शेवंती विरळ विरळ उभी राहिली.

"आणखी हवी होती," व्यापारी म्हणाला.

"आणखी नाही. होती तेवढी हीच. चला, मागच्या दारी हातपाय धुऊ."

परसात विहीर होती. गावातल्या बायका तिथेच पाण्याला येत. त्यांतली एक म्हातारी कळशी कमरेवर घेऊन उभीच राहिली.

"अगोबाई! गुरुजी, परस बोडकं केलंत की हो! कुणाची दृष्ट लागली?"

व्यापाऱ्याचा हात आपोआप पागोट्याकडे गेला.

"पुढे लावलीय सगळी," गुरुजी म्हणाले. "पुढून बघा, छान दिसतेय."

"पुढे कोण जातंय तुमच्या? आम्ही आपल्या रोज इथून येतो. सणासुदीला एक फूल मिळायचं डोक्यात घालायला." आणि ती पुटपुटत निघून गेली. तिच्यामागून दुसरीही गेली.

उकरलेल्या मातीत खड्डेच खड्डे होते. व्यापारी त्यांच्याकडे बघत राहिला.

मग गुरुजी विहिरीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, दोन्ही देशांनी तुम्हाला सांगितला तो हातांचा भाव. केस कुणीच विकत नाही. केस ज्याचे त्याचेच, मागचे काढून पुढे लावायचे. महाग देशात गेलात तरी मागूनच जातील, स्वस्त देशात गेलात तरी मागूनच. ते काम वाईट नाही. कारागिरी आहे, तुमच्या हातालाही आहे. मित्राला मनापासून हवे असतील तर खुशाल जावे त्याने. पण भाव काढताना त्याने आरशाला विचारलं, दलालाला विचारलं. मागे बसून जो रोज बघतो, त्याला विचारलं का? पुढच्या दारी पाहुणे येतात. मागच्या दाराने येतं ते आपलं माणूस, आणि आपण शोभा करायला निघालो की खर्च नेमका त्याच्या वाटणीतून करतो."

बायकोला वाटले, गुरुजींनी किती नेमके सांगितले. मनातून ती थोडी सुखावलीही. तेवढ्यात गुरुजी तिच्याकडे वळले.

"आणि तू गं, पोरी? मघा 'मित्रा'चं ऐकून तू दचकलीसही नाहीस; म्हणजे इतके महिने सगळं बघून गप्प बसलीस. तुला वाटलं, ही माया. असेलही. पण हा बिचारा उन्हाळाभर पागोट्यात शिजला, तो तुझ्या गप्प बसण्यामुळेच की. त्यानं एक पागोटं बांधलंय. तू दुसरं."

तिचा चेहरा तापला. इतका वेळ तिला वाटत होते, की या गोष्टीत बोडके झाकणारा माणूस एकच आहे.

व्यापारी सावकाश तिच्याकडे वळला. "तुला... ठाऊक होतं?"

"झोपाळ्यावर तुम्हाला झोप लागली होती तेव्हापासून."

"म्हणजे वैशाखात?"

"हो."

"आणि मी त्या लोकरीच्या टोपीत..."

"मी म्हटलं, तुम्हाला आवडत असेल."

गुरुजी खोकल्यासारखे काहीतरी करून दुसरीकडे बघू लागले.

मग ती बोलली. एका दमात इतके ती पूर्वी कधी बोलली नव्हती. "तुम्ही आरशात पुढून बघता, ते माझ्या वाट्याला कमीच येतं. गाडीत मी मागे. चालताना मी मागे. लग्न होऊन येताना सबंध वाटभर मी तुमच्या मानेवरची बट बघत होते. गाव नवं, घर नवं, माणसं नवी. भीती वाटत होती. तेवढी एक बट ओळखीची झाली. तुम्हाला जायचं तर जा. पण ते वैद्य पहिल्यांदा तीच काढतील, हे मला आधीच बोलायला हवं होतं."

खाडीवरून शंख वाजला. भरती आली होती. तिघेही पुढच्या दारी आले. विरळ शेवंतीपलीकडे एक शीड हलले, मग दुसरे; दोन्ही एकामागून एक धूसर होत गेली, आणि त्यांच्यासोबत टेकडीवरची शुभ्र घरेही गेली आणि मिठाईची पेटीही. व्यापारी पायरीवर बसून होता. त्याला कुणी ऊठ म्हटले नाही, बस म्हटले नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला, तो कुदळ घेऊनच. काळोख पडायच्या आत त्याने शेवंती परत परसात नेऊन लावली. सगळी जगली नाही. उपटलेले सगळेच जगत नाही. पण विहिरीवरच्या त्या म्हातारीला पाडव्यापुरते एक फूल मिळाले.

पाडव्याच्या पहाटे माहेरच्या अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. बायका जमल्या होत्या. व्यापारी पाटावर बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने पागोटे उलगडायला घेतले. ते केवढे लांब होते! उलगडत गेले, उलगडत गेले. कुणीतरी खुदकन हसले, कुणीतरी त्या हसणारीला चिमटा काढला, आणि सासूबाईंनी जावयाच्या डोक्याकडे न बघता वाटीतले तेल कोमट आहे ना ते बोट बुडवून बघितले. एवढेच. आभाळ जिथे होते तिथेच राहिले.

तिने तळहातावर तेल घेतले. पणत्यांचा उजेड त्याच्या टाळूवर आला आणि क्षणभर तिथे सगळ्या पणत्या बारीक होऊन तरंगल्या. तेल चोळत तिचा हात हळूहळू मागे गेला आणि मानेवर उजवीकडे थबकला.

त्याने मान न वळवता अगदी हळू, तिला एकटीलाच ऐकू जाईल असे विचारले, "तू मला कसा घेतलास? नगावर?"

"उक्ता," ती म्हणाली, आणि बटेला तेल लावून तिने ती बोटाभोवती एकदा गुंडाळून सोडली.